मांजरीच्या फाटकावरची थरथर

मी एक जुनी फियाट. रंग मूळचा पिस्त्यासारखा हिरवा. आता त्याला काय म्हणायचं ते बघणाऱ्यानं ठरवावं. वय चाळीस. माझ्याबरोबरीच्या बहुतेक जणी केव्हाच भंगारात गेल्या. मला मात्र उतारवयात नवी यंत्रणा बसवली गेली आणि माझ्या आत काय चाललंय ते क्षणाक्षणाला नोंदवलं जाऊ लागलं. इतकं सगळं मला कळत होतं, पण सांगता येत नव्हतं. त्याचीच ही हकीगत.

माझा जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, एकोणीसशे एकाहत्तरचा. तिथून पुण्यात आले ती नारायण पेठेत, श्रीधरपंत नावाच्या छापखानेवाल्यांकडे. नंबर लावून त्यांनी सहा वर्षं माझी वाट पाहिली होती, त्यामुळे पुढची नऊ वर्षं त्यांनी मला चालवलं कमी आणि पुसलं जास्त. कुणाच्या लग्नाला निघाले तरी मला गल्लीच्या तोंडाशी उभी करून कार्यालयापर्यंत चालत जायचे. ओरखडा नको म्हणून.

ऐंशी साली तात्याराव मेश्राम मला बघायला आले. पाटबंधारे खात्यात उपअभियंता, मूळचे वर्धेकडचे. त्यांचे वडील शेतमजूर. छप्पन्न साली नागपूरला जाऊन त्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि घरी परत आल्यावर एवढंच ठरवलं, की पोराला शाळेतून काढायचं नाही. ते पोर म्हणजे हे तात्याराव.

गाडी घ्यायला आलेली माणसं बहुधा टायरला लाथ मारून बघतात. त्यातून त्यांना काय कळतं ते मला आजवर समजलेलं नाही. तात्यारावांनी तसलं काही केलं नाही. इंजिन चालू करून ते बॉनेटपाशी डोळे मिटून ऐकत उभे राहिले.

किल्ली देताना श्रीधरपंत म्हणाले, "गाडीत दोष काही नाही. आता चालवणाऱ्यावर आहे."

"हो ना," तात्याराव म्हणाले, "आतापर्यंत कुणी चालवलीच नाही, म्हणून तर ऐकून घेतली."

पुढच्या वर्षी ते वडिलांना घेऊन नागपूरला निघाले. म्हाताऱ्यानं दार उघडल्यावर आधी वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि मगच आत पाय ठेवला. तात्याराव म्हणाले, "बाबा, वहाणा घालूनच बसा ना." म्हातारा म्हणाला, "नाही रे. साफ आहे ते." आणि नागपूरपर्यंत त्या वहाणा मांडीवरच राहिल्या.

पण मला चालवायला तात्यारावांना शिकवलं ते नागोरावांनी. नागोराव पुण्याजवळच्या मांजरी गावचे. खात्याच्या जीपवर ड्रायव्हर. कालव्यांच्या पाहणीला साहेबांना ते वीस वर्षं घेऊन फिरले. खात्याची वेळ संपली की हेच साहेब माझ्या स्टिअरिंगवर बसायचे आणि नागोराव शेजारी. साहेबांना रागवायची संधी त्यांना एवढ्याच वेळापुरती मिळायची आणि ती ते सोडत नसत.

"साहेब, थांबल्यावर पाय पार सोडायचा न्हाई. पेडलवर वाईच टेकवून ठेवायचा. न्हाईतर ही बसकन मारती."

ते खरंच होतं. सिग्नलला पेट्रोलची धार तुटली की मी बंद पडायचे. त्या दिवसापासून थांबल्यावर अॅक्सिलरेटरवर उजवा पाय हलका टेकवून ठेवायची तात्यारावांना सवय लागली, ती कायमची.

एक्क्याण्णवनंतर रस्त्याचा चेहरामोहराच बदलला. कधी न पाहिलेल्या गाड्या येऊ लागल्या, काचा आपोआप खालीवर होणाऱ्या, आत शिरल्यावर गार वारा सोडणाऱ्या. मला ओव्हरटेक करणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक असायचं, मग कीव आली, मग तेही माझ्याकडे बघेनासे झाले. तात्यारावांचा मुलगा प्रज्ञेश इंजिनिअर झाला आणि अठ्ठ्याण्णव साली हिंजवडीच्या एका कंपनीत लागला. काही वर्षांनी त्यानं स्वतःची नवी गाडी घेतली. तात्याराव निवृत्त झाले. विश्रांतवाडीच्या या सोसायटीत, तळमजल्यावरच्या खांबाशेजारी, मी कापड पांघरून उभी राहिले. आठवड्यातून एकदा कापड काढायचं, मला चालू करायचं, पाच मिनिटांनी बंद करायचं, एवढंच उरलं होतं.

बापलेकांत भांडण नव्हतं. बोलणंही नव्हतं. प्रज्ञेश सकाळी आठला जायचा, रात्री येऊन जेवायचा. "जेवलास?" "हो." "काम?" "चालू आहे." माझ्या उघड्या काचेतून वरच्या मजल्यावरचं जे ऐकू यायचं ते एवढंच.

दोन हजार सहा साली नागोरावांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, त्यांना शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला जावं लागे. चार तास रक्त यंत्रातून धुऊन घ्यायचं आणि मग मांजरीला परत. जाताना बस मिळायची. येताना अंगात त्राण नसायचं. दोनदा ते बसच्या दारातच चक्कर येऊन पडले.

हे कळलं त्या दिवशी तात्यारावांनी माझं कापड काढलं ते पुन्हा घातलं नाही.

"नागोराव, मंगळवारी साडेदहाला तयार राहा. मी येतो."

"साहेब, तुमी? मला न्यायला?"

"वीस वर्षं तुम्ही माझी ड्युटी केलीत. आता माझी पाळी."

असा आमचा क्रम सुरू झाला. विश्रांतवाडीहून मुंढव्यावरून मांजरी, रेल्वेचं फाटक ओलांडून नागोरावांचं घर, तिथून शहर, आणि संध्याकाळी परत. फाटकावर वीस वीस मिनिटं खोळंबा. दोघं जुन्या गोष्टी काढायचे. कोणत्या कालव्याची भिंत कोणत्या साली फुटली, कोणत्या विश्रामगृहाच्या खानसाम्याचं पिठलं चांगलं होतं. मी ऐकत उभी.

पण मीही थकले होते. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारं भांडं. माझं ते भांडं झिजलं होतं. एका शुक्रवारी परत येताना फाटक उघडलं आणि नेमकी मी रुळांच्या अलीकडे बंद पडले. मागे हॉर्नचा गदारोळ. तात्याराव किल्ली फिरवताहेत, फिरवताहेत. तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं आणि नुकतेच सुया काढून आलेले नागोराव खाली उतरून मला ढकलायला लागले. मला आयुष्यात तेवढी लाज कधी वाटली नव्हती.

त्या रात्री जेवताना तात्यारावांनी हे मुलाला सांगितलं. प्रज्ञेशनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, हिला फ्युएल इंजेक्शन बसवूया?"

ललिताबाई, म्हणजे तात्यारावांची पत्नी, आतून ओरडल्या, "कसलं इंजेक्शन? कुत्रं चावलं का कुणाला?"

पुढचे सहा शनिवार-रविवार बापलेक नाना पेठेत, पोपट मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये होते. पोपटनं सगळी हयात कार्बोरेटर उघडण्यात घालवली होती. त्याला हे पटत नव्हतं. "साहेब, जुन्या बाईला नवीन दात लावताय," तो म्हणाला, पण बाह्या सरसावून कामाला लागला. झिजलेलं भांडं निघालं. त्याच्या जागी बारीक तोंडाचे इंजेक्टर आले, पेट्रोल मोजून फवारणारे. टाकीजवळ विजेचा पंप बसला. सायलेन्सरच्या नळीत, पाण्याच्या वाटेत, पेडलच्या दुसऱ्या टोकाला सेन्सर लागले. आणि डॅशबोर्डखाली एक छोटा डबा, जो सगळं टिपून ठेवायचा: इंजिन किती तापलं, पेट्रोल किती लागलं, पेडल किती दाबलं. सेकंदाला पंधरा वेळा.

त्या सहा आठवड्यांत प्रज्ञेश वडिलांशी जेवढा बोलला तेवढा मागच्या दहा वर्षांत बोलला नसेल. "बाबा, तो पाना द्या." "बाबा, तुमच्या वेळी हे कसं करायचे?" तात्याराव जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचे, ग्रीसनं हात काळे करून, आणि चहा गार होऊ द्यायचे.

सातव्या रविवारी मी चालू झाले. पहिल्याच किल्लीला. पोपटनं माझ्या बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि आत जाऊन हात धुतले.

त्यानंतर मी फाटकावर एकदाही बंद पडले नाही. नागोराव हसून म्हणाले, "मला बी आठवड्याला दोन सुया, आन हिला बी इंजेक्शन. आमी दोगं एकाच दवाखान्यातले."

दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी प्रज्ञेश हिंजवडीहून लवकर यायचा. डब्यातलं कार्ड काढून लॅपटॉपला लावायचा. माझा सगळा दिवस पडद्यावर रेघांनी उमटायचा. बाजूला खुर्ची टाकून तात्याराव बसायचे.

"बाबा, आज कशी चालली?"

"छान. पुलावर जरा ओढ कमी वाटली."

"थांबा, बघू. हो, बरोबर! मिक्श्चर लीन होतंय तिथे, पेट्रोल कमी पडतंय. तुम्हाला कळलं कसं?"

तात्यारावांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असायचा.

दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर पेडलच्या रेघेला बारीक दाते यायला लागले. गाडी उभी असतानाच. सेकंदाला चार-पाच.

"सेन्सर खराब आहे," प्रज्ञेश म्हणाला. त्यानं नवा बसवला. दाते तसेच. वायर बदलली. दाते तसेच. डिसेंबरात तिसरा सेन्सर आला. तेव्हा रविवारी तो स्वतः मला घेऊन मांजरीपर्यंत गेला आणि आला. रेघ सरळ, दोरीसारखी.

"माझ्याकडे नीट चालते. तुमच्याकडेच का बिघडते?"

"जुनी आहे," तात्याराव म्हणाले. "माणूस ओळखते."

दोघंही हसले.

मला माहीत होतं. तो पाय माझ्याच पेडलवर असायचा. थांबलं की हलका टेकवलेला, आणि तिथं तो थरथरायचा, अगदी बारीक. तात्याराव चालायला लागले की कुणाला दिसायचं नाही. पेडल दाबलं की थांबायचा. नुसता टेकवला की पुन्हा सुरू. मी ती थरथर सेकंदाला पंधरा वेळा मोजत होते आणि संध्याकाळी इमानेइतबारे मुलापुढे ठेवत होते. यापेक्षा मोठ्यानं ओरडणं मला येत नव्हतं.

नागोरावांनी ते ओळखलं. जानेवारीतला शुक्रवार. फाटक पडलेलं. मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती.

"साहेब, पाय उचला की वाईच."

"का?"

"उचला तर खरं."

तात्यारावांनी पाय उचलला. माझा आवाज एकसारखा झाला.

"आता ठेवा."

ठेवला. माझा आवाज पुन्हा कापरा झाला.

नागोराव समोर मालगाडीकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "ह्ये शेन्सरचं न्हाई, साहेब. तुमच्या पायाचं हाय."

"मला माहीत आहे," तात्याराव म्हणाले. "चार महिने झाले. आता हातालाही कधी कधी होतं. खिशात ठेवतो."

"दाक्तरला दावलं?"

"नाही."

"प्रज्ञेशबाबाला?"

"नागोराव, डॉक्टर पहिली गोष्ट काय सांगतील? गाडी बंद. मग तुम्ही कसे जाणार?"

"माजं मी बगंन."

"काय बघणार? बसच्या दारात पडणार?" तात्यारावांचा आवाज चढला, मग खाली आला. "आणि दुसरं सांगू? तो मुलगा आठवड्यातून दोनदा माझ्या शेजारी बसतो. ही गाडी आहे म्हणून. ती गेली की कशाला बसेल?"

फाटक उघडलं. मागून हॉर्न वाजले. नागोराव काही म्हणणार होते, पण गप्प राहिले. पुढे कित्येक फेऱ्यांत ते असेच गप्प राहिले. सांगावं तर आपली दवाखान्याची वाट बंद होते, आणि न सांगावं तर साहेबांचं काही खरं नाही. या कात्रीत सापडलेला माणूस माझ्या डाव्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत असायचा.

मार्चमध्ये प्रज्ञेशनं हात टेकले. त्यानं लॅपटॉपवर काहीतरी लिहिलं. आता बारीक थरथर आली की ती धरायची नाही, सोडून द्यायची, असं त्यानं मला शिकवलं.

"बघा बाबा. सरळ रेघ."

तात्याराव पडद्याकडे बघत राहिले. उजवा हात खिशात होता. "छान," ते म्हणाले. "छान झालं हे."

माझ्याकडे सांगायला तेवढं एकच होतं. त्या दिवसापासून तेही गेलं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली संध्याकाळ होती. दवाखान्यातून येऊन आम्ही फाटक ओलांडलं. दोन्ही बाजूंना ऊस. पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रस्त्यातच उभा होता. तात्यारावांनी तो लांबूनच पाहिला. ब्रेकवर पाय न्यायचा म्हणून त्यांच्या मांडीचा स्नायू ताणला गेला. सीटवरून मला तो जाणवला. पण पाय उचलला गेला नाही. पेडलला चिकटल्यासारखा तिथंच राहिला.

"साहेब, ब्रेक! साहेब!"

तात्यारावांना ऐकू येत होतं. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. मी त्याच वेगानं पुढे जात होते. मला तेच सांगितलं जात होतं, पेट्रोल दे, पेट्रोल दे, आणि मी मोजून देत होते. नव्या यंत्रणेचा मला एवढा राग कधी आला नव्हता. जुनं भांडं असतं तर कदाचित नेहमीसारखी बंद पडले असते.

नागोरावांनी सुया टोचलेला डावा हात छातीशी धरला आणि उजव्या हातानं स्टिअरिंग आपल्याकडे ओढलं. मी ट्रॉलीच्या कडेवरून निसटून उसात शिरले. मग त्यांनी किल्ली फिरवली. मी थांबले. डावा दिवा फुटला होता, रेडिएटरमधून वाफ येत होती. दोघांनाही जिवावरचं काही लागलं नव्हतं.

तात्याराव स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. नागोराव उतरले, बॉनेटला वळसा घालून आले, उजवीकडचं दार उघडून खाली वाकले. दोन्ही हातांनी त्यांनी साहेबांचा पाय पेडलवरून उचलला आणि बाजूला ठेवला.

"झालं, साहेब. उतरा आता."

मला पोपटच्या गॅरेजमध्ये आणलं. प्रज्ञेश दोन दिवस ऑफिसला गेला नाही. लॅपटॉप घेऊन माझ्या शेजारी बसून होता. पडद्यावर ती सरळ रेघ होती. चार सेकंद पेडल दाबलेलं, जरासुद्धा न हललेलं.

"थ्रॉटल अडकला, पेडलची झडप उघडीच राहिली," तो पोपटला म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. "मी बसवलेलं अडकलं. बाबा मेले असते माझ्यामुळे. नागोरावकाकाही."

"अरे, मी तपासलं. तार मोकळी आहे."

"तेव्हा अडकली असेल! माझीच चूक आहे. सगळं काढून टाक. आजच."

दारात तात्याराव उभे होते. ते कधी आले ते कुणाला कळलं नव्हतं. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. तो हात मुलासमोर धरला. तो आपोआप हलत होता.

"प्रज्ञेश," ते म्हणाले, "सेन्सर कधीच बिघडला नव्हता."

प्रज्ञेशनं आधी हाताकडे बघितलं, मग वडिलांच्या तोंडाकडे. मग तो लॅपटॉपकडे वळला आणि जुन्या नोंदी उघडायला लागला. मागच्या वर्षीचा सप्टेंबर. ऑक्टोबर. नोव्हेंबर. मंगळवार आणि शुक्रवारच्या रेघांना दाते, तो स्वतः गेला होता त्या रविवारची तेवढी सरळ. एकाखाली एक लावल्या तेव्हा दाते महिन्यागणिक मोठे होत गेलेले दिसले. त्यानं त्या सगळ्या फायलींना एकच नाव दिलं होतं: नॉइज. कचरा.

"सहा महिने माझ्यासमोर होतं," तो म्हणाला. "मी पुसून टाकलं, बाबा."

"मी पुसू दिलं," तात्याराव म्हणाले.

पोपट बाहेर जाऊन उभा राहिला.

डॉक्टरांनी पार्किन्सन, म्हणजे कंपवात, सांगितला. प्रज्ञेशनं दाखवलेले कागद त्यांनी बराच वेळ न्याहाळले. हे वर्षापूर्वी आणलं असतं तर गोळ्या वेळेवर सुरू झाल्या असत्या, पाय इतका अडला नसता, असं ते म्हणाले. आजार मात्र थांबला नसता, हेही म्हणाले. हे दुसरं वाक्य मुलाच्या कानात शिरलं की नाही, मला शंका आहे.

मला दुरुस्त केलं. पुढचे दोन महिने मंगळवार-शुक्रवार प्रज्ञेशनं सुट्ट्या टाकून नागोरावांना नेलं-आणलं. तात्याराव मागच्या सीटवर बसायचे. मग कंपनीनं त्याला अमेरिकेला पाठवलं. दोनदा त्यानं टाळलं होतं, तिसऱ्यांदा टाळता आलं नाही. जाताना त्यानं मांजरीच्याच एका रिक्षावाल्याला नागोरावांसाठी ठरवलं आणि माझी किल्ली आईच्या हाती दिली.

एप्रिलमधला शुक्रवार. रिक्षावाला आला नाही. मंगळवारीही आला नव्हता, पण "एक येळ चुकली तर काय हुतंय" म्हणून नागोरावांनी कळवलंच नव्हतं. आता पाय सुजले होते आणि श्वास पुरत नव्हता. त्यांच्या सुनेनं फोन केला.

तात्याराव जिना उतरून आले. किल्ली त्यांनी कपाटातून शोधून काढली होती. ती भोकात घालायला त्यांना किती वेळ लागला! पण एकदा फिरवली आणि मी लगेच चालू झाले. पंपानं पेट्रोल भरलं, इंजेक्टर फवारायला लागले, सगळं चोख. मांजरी आठ मैलांवर. रस्ता मला पाठ होता.

पायात चप्पलही नसलेल्या ललिताबाई धावत खाली आल्या आणि माझ्या बॉनेटसमोर उभ्या राहिल्या.

"अहो, बंद करा."

"ललिता, बाजूला हो. तो माणूस गुदमरतोय तिकडे."

"मला कळत नाही का? मी दुसरी गाडी बोलावते. तुम्ही बंद करा. वाटेत कुणाचं लेकरू आलं तर? तेव्हा पाय उचलायला नागोराव नाहीत शेजारी!"

तात्याराव त्यांच्याकडे बघत राहिले. पेडलवरचा पाय थरथरत होता. मी तयार होते. ते तयार होते. आणि त्या बाई बरोबर बोलत होत्या. मग तात्यारावांनी किल्ली उलटी फिरवली आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकलं.

दुसरी गाडी मिळून नागोराव दवाखान्यात पोचेपर्यंत अडीच तास गेले. फुप्फुसांत पाणी भरलं होतं. रविवारी सकाळी ते गेले.

तात्यारावांना शेवटचं भेटता आलं. ललिताबाई त्यांना रिक्षानं घेऊन गेल्या होत्या. नागोराव ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून एवढंच म्हणाले, "साहेब, माजी ड्युटी किती दिस करणार तुमी? बास आता." हे मला ललिताबाईंकडून कळलं. परत आल्यावर त्या माझ्या शेजारी उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या आणि सांगता सांगता पदर तोंडात कोंबत होत्या. त्या दिवशी गाडी अडवल्याचं ओझं त्या कुणाजवळ उतरवणार?

याला दोन वर्षं झाली. बॅटरी काढून ठेवली आहे, त्यामुळे आता मी काहीच नोंदवत नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेनऊला, मांजरीला निघायच्या वेळेला, तात्याराव खाली येतात. इस्त्रीचा शर्ट घातलेला असतो. दार उघडून माझ्यात बसतात. अर्धा तास बसतात आणि वर जातात. रिकाम्या डाव्या सीटकडे वळून बोलतात; हल्ली ते बोलणं पुटपुटल्यासारखं झालंय. कधी कालव्यांची नावं ऐकू येतात.

गेल्या महिन्यात सोसायटीनं नोटीस लावली: बंद वाहने हलवावीत. ही इंजेक्शनवाली फियाट प्रज्ञेशनं अमेरिकेतून इंटरनेटवर विकायला टाकली आणि कोथरूडच्या एका हौशी माणसाला आवडली. परवा तो बघून गेला. डॅशबोर्डखालचा डबा बघून लहान मुलासारखा खूश झाला. माणूस चांगला वाटला.

तात्यारावांनी हरकत घेतली नाही. "न्या. चालती राहील," म्हणाले. पण नावबदलाच्या कागदावर सही करायची होती. सही जुन्या सहीसारखी येईना. तीन कागद वाया गेले. चौथ्या वेळी ललिताबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून सही केली. मी समोरच होते. मला नको म्हणता आलं नाही, हो म्हणता आलं नाही.

रविवारी मला नेतील. बरं होईल, रस्त्यावर जाईन, असं मी मनाला सांगतेय.

ललिताबाई, तुमच्यावर माझा कधीच राग नव्हता. जाताना एकच मागते. मंगळवारी साडेनऊला ते इस्त्रीचा शर्ट घालून खाली येतील. मी इथं नसेन. त्यांना वर परत नेऊ नका. या खांबाशेजारी एक खुर्ची मांडा.

एक नको. दोन मांडा.